वाचकांचे प्रश्न : सोनोग्राफीत आलेलं वजन किती धरायचं?

गेल्या काही महिन्यांच्या पत्रांत एक विषय सारखा येतो आहे : सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलेलं बाळाचं वजन. मी कराडला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि सोनोग्राफीही स्वतःच करते, त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो ते रोज डोळ्यांसमोर असतं. या वेळची सगळी जागा त्यालाच देते आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : मला छत्तिसावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. सोनोग्राफीत बाळाचं वजन २.२ किलो आलं आणि खाली ‘दहाव्या पर्सेंटाइलपेक्षा कमी’ असं लिहिलं होतं. घरचे घाबरले म्हणून दोन दिवसांनी दुसऱ्या सेंटरला दाखवलं, तर तिथे २.५ किलो. दोन दिवसांत तीनशे ग्रॅम वाढतं का? खरं कोणतं धरायचं? बीपी नॉर्मल आहे, बाळ छान फिरतं. सासूबाई म्हणतात, तू नीट जेवत नाहीस म्हणून असं झालं. रात्र रात्र झोप लागत नाही.
— एक भगिनी, बारामती

उत्तर : ताई, दोन्ही सेंटरनी प्रामाणिकपणे मापं घेतली असतील आणि तरीही आकडे वेगळे येऊ शकतात. दोन दिवसांत बाळ तीनशे ग्रॅम वाढत नाही. या दिवसांत निरोगी बाळ आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम वाढतं, म्हणजे दोन दिवसांत पन्नास-साठ. बाकीचा फरक मोजमापातला आहे.

सोनोग्राफीचं मशीन बाळाला तोलत नाही. आम्ही पडद्यावर चार मापं घेतो : डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. मशीनमध्ये आधीच भरलेल्या सूत्रात ही मापं जातात आणि वजन बाहेर येतं. बहुतेक मशीनमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे रेडिऑलॉजिस्ट फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५ सालचं सूत्र असतं. सूत्र चांगलं आहे, म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. पण अनुभवी हातांनी मापं घेतली तरी शंभरातल्या पंच्याण्णव बाळांचा अंदाज खऱ्या वजनाच्या पंधरा टक्के इकडे-तिकडे येतो, आणि उरलेल्या पाचांचा त्याहूनही चुकतो. तुमचंच उदाहरण घ्या. २.२ किलो या अंदाजाचा अर्थ बाळ १.९ ते २.५ किलोच्या दरम्यान कुठेतरी आहे. २.५ या अंदाजाचा अर्थ २.१ ते २.९. दोन्ही रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

बारामतीच्या माणसाला उभ्या उसाचा अंदाज काय सांगायचा! जाणकार माणूस फडात उभा राहून उसाची जाडी, लांबी आणि संख्या बघून एकरी किती टन पडेल ते सांगतो. अंदाज जवळ येतो, पण त्यावर कुणी पट्टी घेत नाही. ती कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या आकड्याची होते. मी माझ्या रिपोर्टात वजनाच्या पुढे ‘अधिक-उणे पंधरा टक्के’ हे हाताने लिहिते. ते सगळ्याच रिपोर्टांत छापून यावं, असं मला फार वाटतं. नुसता २२०० ग्रॅम असा आकडा बघितला की घरच्यांना तो काट्यावरचाच वाटतो.

चार मापांपैकी वजनावर सगळ्यात जास्त जोर पोटाच्या घेराचा असतो, आणि नेमकं तेच माप घ्यायला सगळ्यात अवघड. पोटाची आडवी चकती पडद्यावर गोल दिसायला हवी. तिच्यात जठर दिसायला हवं, यकृतात शिरणारी नाळेची शीर दिसायला हवी आणि मूत्रपिंडं दिसता कामा नयेत. छत्तिसाव्या आठवड्यात बाळाची पाठ वर असली, पाणी कमी असलं किंवा आईच्या पोटावर चरबी जास्त असली की ही चकती तिरकी पडते. घेरात एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी तुमच्या बाळाच्या आकारमानाला वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमने हलतं. दोन डॉक्टर, दोन मशीन आणि दोन वेगळ्या बाजूंनी झोपलेलं बाळ, एवढ्यात तुमचे तीनशे ग्रॅम येऊन जातात.

पोटाच्या घेराला इतकं महत्त्व देण्याचं आणखी एक कारण आहे. वारेतून पोषण कमी पडू लागलं की बाळ आधी यकृतातला साखरेचा साठा वापरतं. यकृत लहान राहतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. मेंदूकडे जाणारं रक्त मात्र बाळ शक्य तितकं सांभाळतं, म्हणून डोकं बराच काळ नीट वाढत राहतं. डोकं चांगलं आणि पोट मागे, असं चित्र दिसलं की मी सावध होते, मग वजनाचा एकूण आकडा बरा का असेना.

आता पर्सेंटाइल. एकाच आठवड्याची शंभर निरोगी बाळं वजनाच्या क्रमाने मांडली तर पहिली दहा ‘दहाव्याखाली’ असणारच. आई पाच फुटांच्या आत, वडील सडपातळ, बाळही लहानखुरं : यात आजार काही नाही. पण ही शंभर बाळं कुणाची, हाही प्रश्न विचारायला हवा. हॅडलॉक यांचा १९९१चा वाढीचा आलेख ह्यूस्टनच्या ३९२ स्त्रियांवरून काढलेला आहे, त्यातल्या बहुतेक मध्यमवर्गीय गोऱ्या. पुढे ‘इंटरग्रोथ-२१’ या अभ्यासात जगातली आठ ठिकाणं घेतली. त्यात ऑक्सफर्ड, सिएटल, नैरोबी यांच्याबरोबर आपलं नागपूर होतं. सुदृढ, चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या आयांचीच बाळं निवडून केलेले हे आलेख २०१४ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेचे आलेख २०१७चे, दहा देशांतले, त्यातही भारत आहे. त्यात देशादेशांतल्या बाळांच्या वजनात फरक दिसला. एकच बाळ एका आलेखावर दहाच्या खाली आणि दुसऱ्यावर दहाच्या वर दिसू शकतं. तुमच्या रिपोर्टात कोणता आलेख वापरलाय ते बघा. बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असतं.

मग तुम्ही करायचं काय? लगेच तिसऱ्या सेंटरला जाऊ नका. दोन्ही रिपोर्ट आणि पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि डॉपलर झाला आहे का ते विचारा. डॉपलरमध्ये नाळेतल्या रक्तवाहिनीत रक्त किती सहज पुढे सरकतं ते दिसतं, आणि बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवरून बाळ मेंदूकडे जास्त रक्त वळवतंय का ते कळतं. शेवटच्या महिन्यात नाळेचा डॉपलर नीट आणि मेंदूचा बदललेला, असंही होतं, म्हणून दोन्ही हवेत. ते नीट असतील आणि पाणी पुरेसं असेल, तर मधल्या काळात बाळाची हालचाल, बीपी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा डॉपलर यांवर लक्ष ठेवायचं. वाढ मोजायची सोनोग्राफी मात्र दोन आठवड्यांनीच, शक्यतो त्याच सेंटरला, त्याच हाताने. दोन आठवड्यांच्या आत मोजलेली वाढ ही बहुतेक मोजण्यातलीच चूक असते. पुढच्या वेळी पोटाचा घेर आपल्या रेषेला धरून पुढे गेला असेल तर लहान पण निरोगी बाळ असण्याची शक्यता मोठी, आणि मग साधारण अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांपर्यंत थांबता येतं. घेर तिथेच थांबला असेल, डॉपलर बिघडला असेल किंवा अंदाज तिसऱ्या पर्सेंटाइलच्याही खाली गेला, तर सदतीसच्या सुमारास, कधी त्याआधीही प्रसूती करावी लागते. तो निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. फक्त हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा, रात्र असली तरी.

आणि सासूबाईंना माझा निरोप द्या : काकू, पोषण आईच्या ताटातून वारेपर्यंत गेलं तरी वारेतून बाळाकडे जातं की नाही, हे सुनेच्या हातात नसतं. बाळ लहान राहण्याची कारणं वार, बीपी, गुणसूत्रं, जंतुसंसर्ग अशी पुष्कळ असतात. तिला दोष देऊ नका. तिला शांत झोप लागेल एवढं बघा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्या गावातल्या बऱ्याच बायका ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा सहावा-सातवा महिना असतो आणि पहिली सोनोग्राफी तेव्हाच होते. पाळीच्या तारखेने बत्तीस आठवडे आणि सोनोग्राफीत एकोणतीस, असं निघतं. डॉक्टर म्हणतात एकतर तारीख चुकली, नाहीतर बाळ लहान आहे. हे ओळखायचं कसं?
— आशा कार्यकर्ती, बीड जिल्हा

उत्तर : आशाताई, या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली तर दिवस पाच-सात दिवसांच्या फरकाने अचूक निघतात. त्या वयात सगळी बाळं जवळजवळ सारखीच वाढतात, आई शेतमजूर असो की कलेक्टर. नंतर प्रत्येक बाळ आपापल्या चालीने जातं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर पहिल्यांदाच सोनोग्राफी केली तर दिवसांचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. तुमच्या बाईच्या रिपोर्टातला फरक बरोबर तीन आठवड्यांचा आहे, म्हणून एका सोनोग्राफीवरून त्याचा निकाल लावता येत नाही.

उलगडा दुसऱ्या सोनोग्राफीत होतो. तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी परत पाठवा. मशीनच्या हिशेबाने बाळ एकोणतीसचं बत्तीस झालं, पोट आणि डोकं जोडीने पुढे गेलं, तर बहुधा तारीखच चुकली होती. बाळ एकोणतीसचं तीसच झालं, पोट मागे आणि डोकं पुढे, तर बाळाला पोषण कमी पडतंय. तिला डॉपलरची सोय असलेल्या ठिकाणी लगेच पाठवायला हवं. लहान मेंदूची रुंदी मोजायला सांगितली तरी मदत होते, कारण बाळाची वाढ खुंटली तरी ते माप बराच काळ वयाप्रमाणे पुढे जात राहतं. मधल्या तीन आठवड्यांत मात्र तिला ‘तारीख चुकली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. उलगडा होईपर्यंत बाळ लहान आहे असंच धरून चाला. बीपी बघा, लघवीतलं प्रोटीन बघा, हिमोग्लोबिन बघा.

तुमच्याकडची टेपही कमी समजू नका. चोविसाव्या आठवड्यानंतर जघनाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकंच येतं. तीन सेंटिमीटरने कमी आलं, किंवा दोन भेटींत पुढेच सरकलं नाही, तर ते सोनोग्राफीला पाठवायला पुरेसं कारण आहे. टेपची उलटी बाजू वर ठेवून मोजा आणि मग आकडा वाचा, म्हणजे आठवडे डोक्यात असल्यामुळे हात आपोआप तिकडे ओढला जात नाही.

खरी गोष्ट टोळी गावातून निघण्याआधीची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात. त्या आधीच्या भेटींमध्ये ज्या घरात नवं लग्न झालेली किंवा लहान मूल अंगावरून सुटलेली बाई आहे, तिला पाळीची तारीख विचारा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवा. पाळी चुकलेली असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला घेऊन जा. जागतिक आरोग्य संघटना चोवीस आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी असं २०१६पासून सांगते आहे. मी म्हणेन, निघण्याआधी एक व्हावीच. तो एक कागद कार्डाला पिन करून तिच्याबरोबर फडावर जाऊ द्या, आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढे सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्याही डॉक्टरसमोर ती उभी राहिली तरी ‘बाळ लहान की तारीख चूक’ या कोड्यात तिचा वेळ जाणार नाही.

हे शहरातल्या वाचकांनाही लागू आहे. दर सोनोग्राफीत मशीन नवी तारीख छापतं, आणि लोक ड्यू डेट पुढे ढकलली म्हणून सांगत येतात. पहिल्या तिमाहीत एकदा ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते. बदलली तर मागे पडलेलं बाळ कागदावर आपोआप ‘नॉर्मल’ होऊन जातं, आणि त्याच्याकडे बघायला हवं होतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : माझ्या नातीला शेवटच्या सोनोग्राफीत बाळ २.९ किलोचं सांगितलं होतं. झालं २.४ किलोचं! दिवस पूर्ण भरले होते. तीन-तीन वेळा सोनोग्राफी करून काय उपयोग झाला? आणि डॉक्टरांनी बाळ पेटीतही ठेवलं नाही, आईजवळच दिलं. हे बरोबर केलं का?
— एक पणजीबाई, नाशिक

उत्तर : आजी, पणजी झाल्याबद्दल आधी अभिनंदन.

२.९चे २.४ म्हणजे अंदाज खऱ्या वजनापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त निघाला. असं कमी वेळा होतं, पण होतं. सोनोग्राफी लहान बाळं ओळखण्यात किती कमी पडते, याचा चांगला अभ्यास इंग्लंडमधल्या केंब्रिजला झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिलटकरणी होत्या, जवळजवळ चार हजार. गरज वाटली तरच सोनोग्राफी, या नेहमीच्या पद्धतीने जन्मतः लहान असलेल्या शंभर बाळांपैकी वीसच आधी ओळखली गेली. सरसकट सगळ्यांची अठ्ठाविसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यात केली तेव्हा सत्तावन्न. म्हणजे सगळ्यांची करूनही शंभरात त्रेचाळीस निसटली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. लहान म्हणून ओळखलेल्या बाळांपैकी ज्यांच्या पोटाच्या घेराची वाढ मंदावली होती, त्यांनाच जन्मानंतर जास्त त्रास झाला. नुसत्या लहानखुऱ्या बाळांना तसा झाला नाही. म्हणून मी घरच्यांना सांगते की शेवटच्या रिपोर्टातला एकटा आकडा बघू नका, मागच्या रिपोर्टाशेजारी ठेवून बघा. नातीच्या तीन सोनोग्राफींतून बाळाचे अवयव, वारेची जागा, पाणी, हेही बघितलं गेलं. ते वाया गेलेलं नाही.

आता पेटीचं. दिवस पूर्ण भरलेलं २.४ किलोचं बाळ रडतंय, चोखतंय, अंग गरम आहे, तर त्याची जागा आईच्या छातीवरच. तिथे त्याला ऊब मिळते आणि दूधही लवकर येतं. डॉक्टरांनी योग्य केलं. सरकारी दवाखान्यांतल्या नवजात कक्षातही नुसत्या वजनासाठी भरती करायची मर्यादा १८०० ग्रॅमच्या आसपास आहे. अडीच किलोच्या आतल्या बाळाला तीन गोष्टींचा धोका असतो : अंग गार पडणं, रक्तातली साखर उतरणं आणि जंतुसंसर्ग. म्हणून जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं, पुढे दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, टोपी-मोजे घालायचे, आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ उभं बांधून ठेवायचं. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली. लहान आणि दिवसांआधी आलेल्या बाळांचे तिने किती जीव वाचतात हे आता पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती जगभर वापरतात. आईला आंघोळीला जायचं असेल तर आजी-पणजीने बांधलं तरी चालतं. पहिले काही दिवस बाळाला आंघोळ घालू नका, आणि मध, गुटी, साखरेचं पाणी यातलं काही नको. एवढं माझं ऐकाच.

लहान बाळांचं घरी लक्ष ठेवून किती भलं होतं, हे आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवून दिलं. त्यांचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात त्याची मुळं तिथे आहेत. नातीकडे आशाताई आल्या की बाळाचं वजन करून घ्या. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. दहा-पंधरा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं.

एक गोष्ट सांगते, म्हणजे २.४ चा धक्का थोडा कमी होईल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिवस भरलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. पुढे वयात आल्यावर मधुमेह लवकर गाठतो, त्याचा धागा ते इथपर्यंत नेतात. तेव्हा पणतू सहा महिन्यांचा झाला की ‘लहान झालं होतं’ म्हणून तूप-साखर, बिस्किटं भरवून एकदम गुटगुटीत करायच्या मागे लागू नका. आईचं दूध, मग वरण-भात, नाचणी, अंडं, आणि वाढीच्या तक्त्यावरची त्याची स्वतःची रेघ.

प्रश्न : पत्नीच्या आठव्या महिन्यात बाळाचं वजन कमी सांगितलं. प्रोटीन पावडर, सलाईनमधून अमिनो अ‍ॅसिड आणि पूर्ण विश्रांती सांगितली आहे. हजारो रुपये जात आहेत. फायदा होतो का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : भाऊ, स्पष्ट सांगते. वार नीट काम करत नसेल तर आईच्या शिरेतून अमिनो अ‍ॅसिड देऊन बाळाचं वजन वाढतं, असा भरवशाचा पुरावा नाही. पडून राहण्यानेही वाढत नाही. उलट पायाच्या शिरांत रक्त गोठायची भीती असते. वारेतलं रक्त वाढवायला सिल्डेनाफिल देऊन बघायचा नेदरलँड्समधला मोठा प्रयोग २०१८ साली मध्येच थांबवावा लागला, कारण औषध दिलेल्या गटात नवजात बाळं फुफ्फुसांच्या त्रासाने दगावत होती. चाचणीबाहेर ते कुणी देत असेल तर घेऊ नका. एकदा वारेची अडचण सुरू झाल्यावर आमच्या हातात मुख्य काम एकच राहतं : बारकाईने लक्ष ठेवून योग्य दिवशी, योग्य ठिकाणी प्रसूती करणं. चौतीस आठवड्यांच्या आत करावी लागेल असं वाटलं तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती खरोखर जीव वाचवतात. सलाईनवर जाणारे पैसे डॉपलरसाठी आणि नवजात विभाग असलेल्या रुग्णालयासाठी बाजूला ठेवा.

पत्नीचं खाणं कमी असेल तर ते नक्की सुधारा : डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाज्या. फक्त आठव्या महिन्यात सुरू करून महिन्याभरात किलोभर फरक पडेल, ही आशा धरू नका. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये स्त्रियांना पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज देऊन मोठा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. दिवस राहण्याआधी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ ज्यांना खाऊ मिळाला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली, आणि ज्या आया आधीच फार किडकिडीत होत्या त्यांना तेवढाही फायदा दिसला नाही. म्हणजे मुलीच्या पोषणाकडे लग्नाच्या कितीतरी आधीपासून बघायला हवं.

एक विचारते, रागावू नका. घरात मिश्री आहे का? आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नसून दात घासायची सवय असते. मुंबईत बाराशे गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि दिवसांआधी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या खाऊने मिळालेल्या वजनाच्या दुपटीहून हे जास्त आहे, आणि मिश्रीचा डबा फेकायला एक रुपयाही लागत नाही. घरात विडी-सिगारेट ओढणारे असतील तर त्यांनीही बाहेर नाही, बंदच करायची.

प्रश्न : दर दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी केली तर बाळाला किरणांचा त्रास होतो का? आणि दर वेळी फॉर्म कशाला भरून घेतात?
— एक भगिनी, पणजी

उत्तर : सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ऐकू न येणारा ध्वनी असतो. वैद्यकीय कारण असेल तर दोन आठवड्यांनी वाढ आणि त्याहून लवकर डॉपलर करायला हरकत नाही. हौसेखातर मात्र तासतास बघत बसू नये. फॉर्म ‘एफ’ हा १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातला आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद त्यात होते, गोव्यातही आणि महाराष्ट्रातही. तो भरताना ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर न्या. आधीचा रिपोर्ट सोबत असला तर तपासणाऱ्या डॉक्टरांना पोटाचा घेर मागच्या वेळेपासून किती वाढला ते जागच्या जागी सांगता येतं.